परवडणारी घरे : कोणाला?

मराठीत ‘परवडणे’ हे क्रियापद एकटे उभे राहू शकत नाही. त्याला चतुर्थीचा आधार लागतो. मला परवडते, शेजाऱ्याला परवडत नाही, असेच आपण म्हणतो. गुरुजींनी फळ्यावर नुसते ‘परवडते’ असे लिहिले असते तर वर्गातील एखाद्या चुणचुणीत मुलाने तत्काळ विचारले असते, ‘कोणाला, गुरुजी?’ आपल्या आयकर कायद्याला हा प्रश्न कोणी विचारला नाही. २०१६ च्या अर्थसंकल्पाने परवडणारी घरे बांधणाऱ्या विकासकांसाठी ८०-आयबीए हे नवे कलम कायद्यात घातले आणि अशा प्रकल्पातून होणाऱ्या नफ्यावर शंभर टक्के वजावट देऊ केली. त्या कलमात घराचे क्षेत्रफळ आहे, भूखंडाचे आकारमान आहे, बांधकाम पुरे करण्याची मुदत आहे. त्या घरात राहायला येणाऱ्या माणसाचे उत्पन्न किती असावे, याविषयी एक अक्षरही नाही.

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात हे आयकराचे चऱ्हाट कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना मी एवढेच सुचवीन, की योसेफ आणि मरिया बेथलेहेमला गेली ती शिरगणतीसाठी, म्हणजे सरकारी दप्तरात नाव नोंदवण्यासाठी. दप्तराने त्यांची नोंद घेतली, पण उताऱ्याच्या जागी त्यांना ठाव मिळाला नाही. करांचे दप्तर आणि डोक्यावरचे छप्पर यांचा संबंध आपल्या श्रद्धेच्या पहिल्याच पानावर आहे.

आता कलमाकडे वळू. १ जून २०१६ नंतर मंजूर झालेल्या प्रकल्पांना ही सवलत लागू झाली. मुंबईसह चार महानगरांत आणि त्यांच्या हद्दीपासून पंचवीस किलोमीटरपर्यंत घर ३० चौरस मीटरपेक्षा मोठे नसावे, इतरत्र ६० चौरस मीटर चालेल, अशी मूळ अट होती. वसई-विरारचा बहुतेक भाग त्या पंचवीस किलोमीटरांत येत होता. म्हणजे सवलत हवी असेल तर आपल्याकडे एका खोलीचे, लहान माणसाचे घर बांधणे भाग होते. वर्षभरातच, २०१७ च्या अर्थसंकल्पात, ही पंचवीस किलोमीटरांची अट काढून टाकण्यात आली. महानगरांच्या परिघावरही ६० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसहाशे चौरस फूट चटईक्षेत्राचे घर सवलतीस पात्र ठरले. लहान माणसाचे घर ज्या एका शब्दाने राखले गेले होते, तो शब्द खोडला गेला. २०१९ मध्ये ४५ लाख रुपये किमतीची मर्यादा आली, प्रकल्प मंजुरीची मुदत वेळोवेळी वाढत ३१ मार्च २०२२ पर्यंत गेली आणि तेथे थांबली. आता दर अर्थसंकल्पाच्या तोंडावर बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना परवडणाऱ्या घराची व्याख्या रुंद करा, किमतीची मर्यादा वाढवा, करसवलत पुन्हा द्या, अशी मागणी करीत असतात. ती केव्हा ना केव्हा मान्य होईल. म्हणूनच आज बोलले पाहिजे.

४५ लाखांचा हिशेब मांडून पाहू. एवढ्या किमतीच्या घरासाठी बँक फार तर ऐंशी टक्के, म्हणजे ३६ लाख देते. उरलेले नऊ लाख आणि मुद्रांक शुल्क पदरचे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता महिना ३१ हजारांच्या घरात जातो. कमाईच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रक्कम घरावर जाऊ नये, हा जुना शहाणपणाचा नियम धरला तर त्या कुटुंबाची मासिक प्राप्ती एक लाखाच्या आसपास हवी. ‘आमच्याकडे पंचवीस लाखांतही घर मिळते, फादर,’ असे कोणी म्हणेल. मिळते. त्याला नव्वद टक्के कर्ज मिळाले तरी हप्ता साडेएकोणीस हजारांवर जातो. वसई रोडच्या बाहेर रांगेत रिक्षा लावणारा तरुण, सकाळपासून पाच घरची धुणीभांडी करणारी त्याची पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. या कुटुंबाच्या हाती महिन्याला वीस-पंचवीस हजार पडत असतील, तर हप्ता भरून त्यांनी खायचे काय? आणि मिळकतीचा दाखला नसलेल्या या माणसाला बँकेच्या दारात उभे तरी कोण करणार?

वास्तविक सरकारला माणसाचे उत्पन्न विचारता येत नाही, असे मुळीच नाही. विधवेला निराधार योजनेचे अनुदान हवे असेल तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. शिधापत्रिकेचा रंग उत्पन्नावरून ठरतो. आणि रंग ठरल्यावरही दुकानात अंगठा टेकावा लागतो. त्या विधवेचा अंगठा भांडी घासून झिजलेला असला आणि यंत्राने तो ओळखला नाही, तर त्या दिवशी तिला धान्य मिळत नाही. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेतही तीन लाखांपर्यंत दुर्बळ घटक, सहा लाखांपर्यंत अल्प उत्पन्न गट, अशा पायऱ्या स्पष्ट आखलेल्या होत्या. म्हणजे मोजपट्टी सरकारच्या खिशात होती. विकासकाला करमाफी देताना ती खिशातच राहिली. एका प्रकल्पात एका व्यक्तीला, तिच्या जोडीदाराला आणि अज्ञान मुलांना मिळून एकच घर द्यावे, अशी एक चांगली अट कलमात होती, हे नमूद केले पाहिजे. परंतु सज्ञान मुलाच्या नावे शेजारची सदनिका घेण्यास, किंवा रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या प्रकल्पात आणखी एक घेण्यास, ती आडवी येत नव्हती.

माफ केलेला कर हा खर्चच असतो, ही गोष्ट आपल्या गळी लवकर उतरत नाही. तिजोरीतून शंभर रुपये बाहेर गेले तर लेखापरीक्षक विचारतो. शंभर रुपये आत आलेच नाहीत तर कोणाला त्याचे दुःख होत नाही. पण गावच्या दवाखान्याला जे औषध मिळत नाही, ते दोन्ही वेळा मिळत नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, या म्हणीतले आंधळे येथे तुम्ही-आम्ही करदाते आहोत. काडेपेटीवरही कर भरणारा रिक्षावाला त्यात आला.

२०१२ मध्ये केंद्र सरकारच्या तज्ज्ञगटाने देशातील शहरी घरांची तूट सुमारे एक कोटी ८८ लाख सांगितली. त्यातील पंचाण्णव टक्क्यांहून अधिक तूट दुर्बळ आणि अल्प उत्पन्न गटांतील होती. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेने देशाच्या शहरांत एक कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी असल्याची नोंद केली. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले, की ‘घरे बांधा म्हणजे गरिबांना घरे मिळतील’ या युक्तिवादाचे काय उरते?

करसवलत देऊन घरे बांधून घेण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेचा आहे. १९८६ च्या करसुधारणा कायद्यात तेथे ही तरतूद झाली आणि तेव्हापासून तीस लाखांहून अधिक घरे तिच्या आधाराने उभी राहिली. त्याची रीत अशी. प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या प्रमाणात कर-सवलतीचा कोटा मिळतो. राज्याची गृहनिर्माण संस्था अर्ज मागवते, प्रकल्प निवडते. निवडलेल्या विकासकाला दहा वर्षे आयकरातून थेट वळते करून घेता येईल अशी रक्कम मंजूर होते. ती तो बहुधा एखाद्या बँकेला विकतो आणि आलेल्या पैशातून इमारत बांधतो. येथवर सारे आपल्यासारखेच, पैशाच्या मागे पैसा. परंतु पुढे अटी येतात. ही घरे भाड्याची असतात. परिसरातील सर्व कुटुंबे उत्पन्नाप्रमाणे ओळीत उभी केली तर मधोमध जे कुटुंब येईल, त्याच्या उत्पन्नाला तेथे मध्यक म्हणतात. निदान वीस टक्के घरे मध्यकाच्या निम्म्याहून कमी उत्पन्न असलेल्यांसाठी, किंवा निदान चाळीस टक्के घरे साठ टक्क्यांहून कमी उत्पन्न असलेल्यांसाठी राखावीच लागतात. भाडे त्या उत्पन्नमर्यादेच्या तीस टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. १९८९ च्या दुरुस्तीपासून हे बंधन तीस वर्षांचे आहे. पहिल्या पंधरा वर्षांत अट मोडली तर दिलेल्या सवलतीचा काही भाग सरकार परत वसूल करते. चतुर्थीचा प्रत्यय तेथे कायद्यातच लावलेला आहे.

दुरून डोंगर साजरे दिसतात, म्हणून जवळ जाऊनही पाहू. लहान पण झपाट्याने वाढणाऱ्या शहरांत या कायद्याची एक विचित्र गत होते. बाहेरून सधन माणसे राहायला आली की मध्यक वर सरकते, आणि त्याला बांधलेले ‘परवडणारे’ भाडेही वर सरकते. जुन्या रहिवाशाचा पगार होता तेथेच असतो. चौदा वर्षांनंतर मालकाने इमारत विकायला काढली आणि राज्याला ठरलेल्या किमतीचा गिऱ्हाईक मिळाला नाही, तर बंधनातून सुटण्याची पळवाट आहे. तिच्यातून पुष्कळ घरे निसटली. आणखी एक दुखणे आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. शहराला इस्पितळातील परिचारिकेची मदतनीस हवी असते, शाळेच्या बसचा चालक हवा असतो. त्यांनी आपल्या गल्लीत राहू नये एवढेच म्हणणे असते. नगरसभेत भाषणे होतात ती वाहतुकीच्या कोंडीची आणि मालमत्तेच्या भावाची. डल्लास परिसरात ही घरे कृष्णवर्णीयांच्याच वस्त्यांत ढकलली जातात, गोऱ्यांच्या उपनगरांत येऊ दिली जात नाहीत, या तक्रारीतून निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हेतू सिद्ध झाला नाही तरी परिणाम भेदभावाचा असल्यास दाद मागता येते, असे न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले.

तरीही अटी होत्या म्हणून वाद न्यायालयात जाऊ शकला. आपल्याकडे मोडायला अटच नाही.

आपल्या वसईचे पाहा. १९९० मध्ये सिडकोकडे नियोजन सोपवले गेले तेव्हा येथे चार छोटी नगरे आणि त्यांच्या मध्ये वाड्या होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. पाणी, झाडे आणि भूमी यांसाठी माणसे रस्त्यावर आली, हा आपल्या समाजाच्या इतिहासातील अभिमानाचा भाग आहे. २००९ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या गणनेत बारा लाख लोक मोजले गेले. बावखले बुजली, केळीच्या बागांत खांब उभे राहिले. आता काही मंडळी म्हणतात, ‘फादर, आमची जमीन गेली, पाणी गेले. आणखी घरांची भाषा तुम्ही तरी करू नका.’ त्यांच्या दुःखात मी सहभागी आहे, पण त्यांचे अनुमान मला मान्य नाही. ज्या इमारतींनी बावखले गिळली त्या गरिबांसाठी नव्हत्या. त्यांतील कितीतरी खिडक्या रात्री काळोख्या असतात. घर-आशीर्वादासाठी जिने चढताना एका मजल्यावर चारांपैकी दोन दारांना कुलपे दिसतात, ‘गुंतवणुकीचा फ्लॅट आहे, फादर,’ असे उत्तर मिळते. आणि त्याच दुपारी रेल्वेच्या पूर्वेला एका खोलीत तीन पिढ्या गुडघ्यांवर बसून प्रार्थना म्हणतात, कारण उभे राहायला जागा नसते.

कायदेशीर घर हातात येत नाही तेव्हा माणूस बेकायदा घराकडे वळतो. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत पाडल्या गेल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांनी पैसे मोजले होते, वीजबिले भरली होती. २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, सतरा माणसे गेली. तीही इमारत अनधिकृत होती. एका घरात बालकाचा पहिला वाढदिवस चालला होता. दुसरीकडे म्हाडाने विरार-बोळींजला बांधलेली हजारो घरे वर्षानुवर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहत राहिली. पाण्याची वानवा होती हे एक कारण, आणि ज्यांना घराची गरज होती त्यांच्यापाशी ते विकत घेण्याची ऐपत नव्हती हे दुसरे. सूर्या योजनेचे पाणी २०२३ मध्ये आले. ऐपत काही नळातून येणार नाही. अशा माणसाला भाड्याचे, आणि भाड्यावर लगाम असलेले घर लागते, ही साधी गोष्ट आपल्या धोरणाने कडेला ठेवली आहे.

‘उत्पन्नाची अट घातली तर खोटे दाखले निघतील,’ हा एक हमखास आक्षेप. निघतील, काही निघतील. खोट्या शिधापत्रिका निघतात म्हणून आपण शिधा बंद केला नाही. आणि नफ्याची शंभर टक्के वजावट घेणाऱ्या विकासकाला हिशेबनीस ठेवणे परवडत असेल, तर भाडेकरूंची यादी ठेवणेही परवडेल. दुसरा आक्षेप असा, की अटी घातल्या तर विकासक पुढे येणार नाही. आला नाही तर त्याला कर भरू द्यावा. तो पैसा महापालिकेच्या भाड्याच्या घरांसाठी वापरता येईल.

येथवर मी सरकारवर आणि विकासकांवर बोललो, आणि मिस्सानंतर वडाखाली उभे राहून बोलावे तसे ते सोयीचे आहे. आता आपल्याविषयी. बाप-आजोबांची वाडी देऊन त्या बदल्यात तीन-चार सदनिका मिळालेली कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांना दोष देण्याचा प्रश्न नाही. शेती तुटली, मुले शिकली, हिस्से झाले. परंतु मिळालेल्या घरांपैकी एक तरी त्याच वाडीत ज्या वारली बाईने आयुष्यभर खुरपणी केली तिच्या मुलाला झेपेल अशा भाड्याने द्यावे, असे किती जणांच्या मनात आले? सोसायटीच्या सभेत ‘असले भाडेकरू नकोत’ हा ठराव मांडणाऱ्यांत आणि त्यावर हात वर करणाऱ्यांत रविवारी पहिल्या बाकावर बसणारेही असतात. यशया संदेष्ट्याने पाचव्या अध्यायात घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांचा धिक्कार केला आहे. शेवटी त्या घरांत राहायला कोणी उरणार नाही, असेही त्याने बजावले. त्या कुलपांचे वर्णन त्याने इतक्या आधी कसे केले, याचे मला नवल वाटते.

आणि ख्रिस्तसभा? १९८७ च्या डिसेंबरात, बेघरांच्या आंतरराष्ट्रीय वर्षाच्या शेवटी, रोमच्या न्याय व शांती आयोगाने घरांच्या प्रश्नावर एक दस्तऐवज काढला. त्याचे शीर्षकच ‘तुझ्या बेघर भावाचे तू काय केलेस?’ असे आहे. काईनाला विचारलेल्या प्रश्नाचा तो प्रतिध्वनी आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पर्यावरणाचा विचार करताना घरांच्या टंचाईचाही विचार केला. झाड आणि छप्पर यांत त्यांना वैर दिसले नाही. अमेरिकेत १९८१ मध्ये दयामाता भगिनींनी, म्हणजे सिस्टर्स ऑफ मर्सी यांनी, ‘मर्सी हाऊसिंग’ ही संस्था काढली आणि पुढे त्याच करसवलतीचा उपयोग करून अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी भाड्याची घरे बांधली. म्हणजे बँका नफ्यासाठी जो दरवाजा वापरतात, त्यातून धर्मभगिनींनाही आत जाता आले. आपल्याकडे चर्चच्या विश्वस्त संस्थांकडे जमिनी आहेत. त्यांवर सभागृहे होतात, व्यापारी गाळे होतात, लग्नाची मैदाने होतात. ‘विकासकाला दिली तर चर्चची इमारत फुकट होईल’ असे प्रस्तावही अधूनमधून येत असतात, आणि त्यांच्या पहिल्या पानावर ‘परवडणारी घरे’ हे शब्द ठळक छापलेले असतात.

अशा प्रस्तावावर धर्मग्राम परिषदेने सही करण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर मागाव्यात, अशी माझी सूचना आहे. राहणाऱ्याचे उत्पन्न किती, भाडे त्या उत्पन्नाच्या किती हिश्श्याचे, हे बंधन किती वर्षांचे, आणि ते मोडल्यास जमीन परत कशी येणार. केंद्र सरकारने करसवलत पुन्हा आणली, तर याच चार गोष्टी कलमात घालाव्यात म्हणून आपल्या खासदारांना निवेदन द्यावे. ते लिहिण्यास आपल्यातील वकील आणि सनदी लेखापाल मंडळींनी पुढे यावे. जमीन विकू नये, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ३६ व्या कलमानुसार बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. या तरतुदीला आपण नेहमी अडचण समजतो. एकदा तिचा उपयोग करून पाहावा : परवानगीच्या अर्जातच भाडेकरूंची उत्पन्नमर्यादा लिहून द्यावी आणि ती आदेशात शर्त म्हणून नोंदवावी, अशी विनंती आयुक्तांना आपणच करावी. मग पुढच्या विश्वस्तांना, आणि पुढच्या धर्मगुरूलाही, ती शर्त सहजासहजी पुसता येणार नाही.